जमिनीतून निघालेलं अनोळखी लोखंड कसं ओळखायचं

मेटल डिटेक्टर घेऊन नव्यानं फिरायला लागलेल्या माणसाच्या पिशवीत नाण्यांपेक्षा लोखंडच जास्त जमतं. वाकडे खिळे, तुटक्या कड्या, भोकं पाडलेल्या पट्ट्या, आणि आकडा म्हणावा की कडी म्हणावी ते कळू नये असे काही तुकडे. बरेच जण हे सगळं भंगारात टाकून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. नाणं कुणाच्याही खिशातून कुठेही पडतं. फाटकाचं लोखंड मात्र बहुधा जिथे फाटक होतं तिथेच, नाहीतर आसपास सापडतं. बैलाच्या खुराची पत्री निघाली, तर त्या वाटेनं बैल जात असणार. मोकळ्या रानात पूर्वी काय होतं याचा भरवशाचा पुरावा पुष्कळदा लोखंडातच असतो.

वस्तू हातात आली की बहुतेक नवखे आधी तिचं नाव शोधायला लागतात. शेकडो फोटो चाळतात, त्यातल्या एखाद्याशी आकार जुळला की खूश होतात. नाव सगळ्यात शेवटी येऊ द्या. आधी तीन गोष्टी बघा: ही वस्तू कशाला जोडलेली होती, तिच्यावर जोर कुठून पडत होता, आणि ती घासत कुठे होती. हे कळलं की नाव शोधणं सोपं होतं. नाव नाहीच सापडलं तरी वस्तू बऱ्यापैकी उलगडलेली असते.

खणण्याआधी

जागेच्या मालकाची परवानगी हवी. डिटेक्टर आणि जमिनीत सापडणाऱ्या वस्तूंबद्दल तुमच्या देशाचा कायदाही आधी वाचून ठेवा. अनेक देशांत संरक्षित स्मारकाच्या हद्दीत डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे, आणि सापडलेली जुनी वस्तू सरकारला कळवावी लागते. रेल्वेमार्गाच्या कडेचं लोखंड जुनं दिसलं तरी ते रेल्वेचं असतं, तिथे जाऊच नका.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेले तोफगोळे शंभराहून जास्त वर्षांनंतर आजही तिथल्या शेतांतून निघतात, आणि त्यातले कित्येक अजून फुटू शकतात. जिथे लढाई झाली, लष्कराचा तळ होता किंवा गोळीबाराचा सराव चालायचा, अशा कुठल्याही जमिनीत हा धोका असतो. नळकांड्यासारखा आकार, एका टोकाला निमुळतं किंवा आट्यांचं तोंड, अंगाभोवती तांब्याची पट्टी, मागे पंखांसारखी पाती, यातलं काहीही दिसलं की हात थांबवा. वस्तू उचलू नका, माती झटकू नका, फोटोसाठी फिरवू नका. जागेची खूण करा, आल्या वाटेनं मागे या आणि पोलिसांना कळवा. पोकळ गोळ्यातली दारू जुनी झाली म्हणजे निकामी झाली, असा भरवसा कुणीही ठेवू नये.

डिटेक्टरच्या आवाजाबद्दल थोडंसं. लोखंडाचा आवाज बंद करायची सोय बहुतेक यंत्रांत असते, पण ती शंभर टक्के लोखंड टाळत नाही. कडी, साखळीचा दुवा, नाल, मोठी सपाट पट्टी अशा वस्तू बऱ्याचदा नाण्यासारखाच छान आवाज देतात, कारण बंद किंवा पसरट आकारात विद्युतप्रवाह चांगला फिरतो. म्हणून चांगल्या आवाजावर लोखंड निघालं तर चिडू नका, आकार बघा. आणखी एक: लोखंड गंजताना त्याचे क्षार आजूबाजूच्या मातीत उतरतात, त्यामुळे वस्तू असते त्यापेक्षा मोठी भासते. खणताना मातीचा रंग विटकरी व्हायला लागला की फावडं बाजूला ठेवून हातानं माती काढा.

नांगरटीची माती संपून खाली घट्ट, न हललेला थर लागला आणि वस्तू त्या थरात शिरलेली असली, तर तिथेच थांबा. आजूबाजूला हाडं, लाकूड किंवा एकाच जागी पुष्कळ वस्तू असतील तर हे काम पुरातत्त्वाच्या माणसांचं आहे.

घासायच्या आधी नोंद

जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. खोली लिहा, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहा, आणि सोबत काय निघालं तेही: विटांचे तुकडे, काच, मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या, राख, कोळसा. लोखंडाचं वय त्याच्या स्वतःच्या अंगावरून क्वचितच कळतं, सोबतच्या वस्तूंवरून पुष्कळदा कळतं.

तारेचा ब्रश मात्र लगेच हातात घेऊ नका. गंजलेल्या वस्तूत मूळ पृष्ठभाग पुष्कळदा आतल्या धातूवर उरलेलाच नसतो, तो गंजाच्या थरातच अडकलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून वस्तू सुजल्यासारखी दिसते. जोरात घासून चकचकीत धातूपर्यंत पोचलात, तर हाती उरतो तो निव्वळ गाभा. धार, नक्षी, ठसा सगळं गंजाबरोबर निघून गेलेलं असतं. संग्रहालयांत अशा गोळ्यांचा आधी क्ष-किरण फोटो काढतात तो याचसाठी.

गंजात दुसरंही काही जपलेलं असतं. लाकडात ठोकलेला खिळा जमिनीत गंजतो तेव्हा त्याचे क्षार लाकडाच्या तंतूंत भरतात. लाकूड कुजून जातं आणि तंतूंचा साचा खिळ्यावर तसाच राहतो. भिंगाखाली धरलं तर बारीक समांतर रेघा दिसतात. माथ्याजवळ रेघा आडव्या आणि टोकाकडे उभ्या असतील, तर तिथे दोन फळ्या एकमेकींशी काटकोनात जोडलेल्या होत्या. खिळ्याचं टोक वाकवून बसवलेलं असेल, तर माथ्यापासून वाकण्यापर्यंतचं अंतर म्हणजे फळ्यांची एकूण जाडी. एवढी माहिती एका गंजक्या खिळ्यावर असते आणि ब्रशच्या दोन फटक्यांत ती पुसली जाते. सुरुवातीला मऊ ब्रश, लाकडी काडी आणि धीर एवढंच वापरा.

लोखंड कोणतं ते ठरवा

चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद. पूर्ण गंजून गेलेली वस्तू अगदी कमी चिकटते किंवा चिकटतही नाही, त्यामुळे चुंबकानं दाद दिली नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. चिकटणारा पण आकाराला बेढब, बुडबुड्यांच्या भोकांचा, हाताला हलका गोळा असेल तर ते बहुधा लोहकीट, म्हणजे भट्टीतला मळ. ते कचऱ्यात जमा करू नका. एका जागी बरंच लोहकीट सापडलं तर जवळपास लोहाराची किंवा लोखंड गाळायची भट्टी असण्याची शक्यता मोठी.

मग प्रकार. घडीव लोखंड, बीड (म्हणजे ओतीव लोखंड) आणि पोलाद हे तीन वेगळे करता आले की निम्मं काम झालं.

घडीव लोखंडात कार्बन अगदी कमी असतो आणि आत मळाचे बारीक धागे असतात. ते गंजलं की हे धागे उघडे पडतात आणि अंगावर लाकडाच्या रेषांसारखी उभी नक्षी उठते. तुटलं तर काठीसारखं तंतू काढत तुटतं. ही नक्षी एकदा ओळखता आली की लांबूनही कळते. सगळ्यात आधी हीच नजर तयार करा असं माझं सांगणं आहे.

बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. ते साच्यात ओततात, घडवता येत नाही, आणि ठोका बसला की वाकत नाही, फुटतं. फुटलेली कड राखाडी आणि दाणेदार दिसते. अंगावर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक उंच रेघ शोधा, ती दिसली की शंका उरत नाही. उठावदार अक्षरं, वेलबुट्टी, आकडे हेही बिडाचं लक्षण. जाड, जड आणि एका बाजूला तुटका तुकडा म्हणजे बहुधा शेगडीचं, यंत्राचं नाहीतर कुंपणाच्या जाळीचं बीड.

पोलादाचा पोत सगळीकडे सारखा असतो. त्याला रेषा पडत नाहीत, खड्डे पडतात. हेन्री बेसेमरनं १८५६ मध्ये स्वस्तात पोलाद करायची रीत काढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पोलादानं घडीव लोखंडाला बाजारातून जवळजवळ हटवलं. त्याआधी पोलाद महाग होतं, म्हणून ते फक्त धारेला वापरत. जुन्या कुऱ्हाडीचं अंग घडीव लोखंडाचं आणि पात्याची कड पोलादाची असते. गंजलेल्या कुऱ्हाडीवर हा सांधा कधीकधी डोळ्यांना दिसतो.

ग्राइंडरवर ठिणग्या पाहून लोखंड ओळखायची रीत कारखान्यात चांगली आहे. सापडलेल्या वस्तूवर ती वापरू नका, कारण त्यासाठी वस्तू घासावी लागते.

बनवलं कसं, ते बघा

भोकापासून सुरुवात करा. लोहारानं तापल्या लोखंडात सुंबा मारून पाडलेलं भोक एका बाजूनं मोठं, दुसऱ्या बाजूनं लहान आणि थोडं वाकडं असतं, आणि भोवतीचा धातू फुगलेला दिसतो. ड्रिलनं पाडलेलं भोक सरळ आणि गोल असतं. चौकोनी भोक असेल तर त्यात चौकोनी अंगाचा खिळा किंवा मानेशी चौकोनी बोल्ट बसत होता. भोकाचं तोंड बशीसारखं पसरट केलेलं असेल तर तिथे स्क्रू होता आणि त्याचा माथा वर यायला नको होता, म्हणजे त्यावरून काहीतरी सरकत होतं किंवा दार बंद होत होतं.

सांधे बघा. भट्टीत तापवून ठोकून केलेल्या जोडाला त्या जागी जाडी येते, आणि साखळीच्या दुव्यात ती हाताला लागते. रिव्हेट असेल तर दोन्ही बाजूंना माथा दिसतो. वेल्डिंगची लहरी-लहरी शिवण दिसली तर वस्तू, निदान तिची दुरुस्ती, बहुधा विसाव्या शतकातली किंवा नंतरची आहे. विजेचं वेल्डिंग पहिल्या महायुद्धानंतर सर्रास झालं.

आटे असतील तर फार बरं. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं ब्रिटनमध्ये आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं, कोन ५५ अंशांचा. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सनं ६० अंशांचं मांडलं. त्याआधी ज्या त्या कारखान्याचे आटे वेगळे होते. आट्यांच्या मापाची पट्टी स्वस्तात मिळते, ती जवळ ठेवा. लाकडात बसणाऱ्या स्क्रूचं टोक बघा: बोथट टोक आणि माथ्यावरची खाच मधोमध नसलेली, तर तो जुन्या पद्धतीचा. अणकुचीदार टोकाच्या स्क्रूचं पेटंट थॉमस स्लोननं १८४६ मध्ये घेतलं. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला.

मापं मिलिमीटरमध्ये घ्या आणि इंचातही करून पाहा. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर २५.४, ३८.१ किंवा ५०.८ मिलिमीटर भरलं, तर ते इंचाच्या मापानं केलेलं आहे. हाताच्या घडाईत मापं कुठल्याच पद्धतीत नीट बसत नाहीत. तो स्वतः एक पुरावा आहे.

झीज: एक वस्तू नीट पाहूया

समजा, इंग्रजी एल अक्षरासारखा वाकलेला एक जाड तुकडा सापडला. एक दांडी लांब, एक आखूड. नवखा माणूस याला आकडा म्हणतो.

आता बोटं फिरवा. लांब दांडी चौकोनी आहे आणि टोकाकडे निमुळती होत जाते. चौकोनी निमुळतं टोक म्हणजे ठोकून बसवायची वस्तू. तिच्या कडांवर छिन्नीनं मारलेल्या तिरप्या खाचा आहेत. खाचांचा धातू मागच्या बाजूला उचललेला आहे, म्हणजे आत जाईल पण सहज बाहेर येणार नाही अशी सोय. भिंग लावलं तर या दांडीवर लाकडाच्या तंतूंच्या रेघा दिसतात, पण फक्त टोकापासून एका अंतरापर्यंत. तिथपर्यंत ती खांबात होती.

आखूड दांडी गोल आहे, आणि तिच्यावर लाकडाची एकही रेघ नाही. तळाशी, म्हणजे कोपऱ्याजवळ, ती इतर जागांपेक्षा बारीक झालेली आहे, आणि झीज सगळीकडे सारखी नाही, एकाच बाजूला जास्त आहे. कोपऱ्याच्या वरच्या अंगाला एक सपाट, गुळगुळीत पट्टा आहे. म्हणजे गोल दांडीवर एखादी कडी बसत होती, ती फिरत होती, तिचं वजन खाली कोपऱ्यावर टेकत होतं, आणि ओढ कायम एकाच दिशेला होती.

खांबात ठोकलेली, उभी गोल दांडी वर असलेली, फिरणारं वजन तोलणारी वस्तू म्हणजे फाटकाच्या बिजागरीची खुंटी. फाटकाला जोडलेल्या लांब पट्टीचं वळवलेलं टोक या खुंटीवर बसतं. फाटक उचलून बाजूला काढता येतं ते याच रचनेमुळे. आता पुढचा शोध आपोआप ठरतो: त्याच भागात दुसरी खुंटी, लांब पट्टी आणि कडी-कोयंडा असायला हवा. शिवाय लाकडाच्या रेघांवरून खुंटी किती खोल गेली होती ते कळतं, म्हणजे खांब निदान तेवढा जाड होता.

हीच नजर बाकी वस्तूंना लावा. भोक अंडाकृती झालं असेल तर लांबट बाजूला ओढ होती. माथा छत्रीसारखा पसरला असेल तर त्यावर घण पडत होता, म्हणजे पाचर, छिन्नी किंवा सुंबा. कडी एकाच जागी बारीक झाली असेल तर ती तिथे टांगलेली होती. मधेच वाकलेली पट्टी सरळ असताना काय करत होती ते कल्पनेनं सरळ करून पाहा, हातानं सरळ करू नका. आणि टोक मुळातलं आहे की तुटलेलं, हे दर वेळी तपासा. तुटक्या वस्तूला अख्खी समजलं की पुढचा सगळा तर्क भरकटतो.

खिळे

सर्वांत जास्त सापडतात ते हेच, आणि सर्वांत जास्त शिकवतातही हेच. हातानं घडवलेला खिळा चौकोनी असतो आणि साधारणपणे चारही बाजूंनी निमुळता होतो, माथ्यावर हातोड्याच्या ठोक्यांचे पैलू दिसतात. पत्र्यातून यंत्रानं कापलेला खिळाही चौकोनी, पण त्याच्या दोनच बाजू निमुळत्या, उरलेल्या दोन समांतर. हे खिळे अठराव्या शतकाच्या शेवटी आले आणि एकोणिसावं शतक त्यांचंच होतं. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पसरला आणि आजही तोच आहे. माथ्याखाली यंत्राच्या पकडीच्या बारीक खाचा असतात.

ही वर्गवारी हाताशी असली तरी तिच्यावर फार विसंबू नका. स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल इथल्या रोमन छावणीत १९६० च्या सुमारास पुरून ठेवलेले सुमारे ८ लाख ७५ हजार खिळे सापडले, पहिल्या शतकातले. त्यांच्यातला एखादा सतरा-अठराशे वर्षांनंतर घडवलेल्या खिळ्याशेजारी ठेवला तर नुसत्या आकारावरून निवाडा करणं कठीण. हातानं घडवलेला म्हणजे जुना, हेही खरं नाही. यंत्राचे खिळे आल्यावरही लोहार गरजेप्रमाणे खिळे करतच राहिले. लोखंडी वस्तूच्या तंत्रावरून तुम्हाला बहुधा एवढंच सांगता येतं की ती अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही. काटेरी तारेचा तुकडा असेल तर तो १८७० च्या दशकाच्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण जोसेफ ग्लिडनचं पेटंट १८७४ चं. जस्ताचा मुलामा असेल तर १८३७ नंतरचा, त्या वर्षी फ्रान्समध्ये सोरेलनं त्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. चुंबकाला न चिकटणारं, न गंजणारं पोलाद विसाव्या शतकातलं किंवा नंतरचं.

नेहमी भेटणारे इतर

घोड्याची नाल सगळे ओळखतात. बैलाची पत्री मात्र कित्येक वर्षं डब्यात अनोळखी पडून राहते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन स्वतंत्र तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा सपाट, पातळ, एका कडेला गोलाई आणि दुसरी कड जवळजवळ सरळ, स्वल्पविरामासारखा. भोकं गोलाईच्या बाहेरच्या कडेनं ओळीत असतात, आत नसतात, कारण खिळा खुराच्या कडेलाच मारता येतो. जमिनीवर घासणारी बाजू गुळगुळीत आणि पुढच्या टोकाला पातळ झालेली असते. अर्धचंद्राकृती दागिना किंवा हत्याराचं पातं समजून लोक ती जपतात. खरी ओळखही जपण्यासारखीच आहे.

गाडीच्या लोखंडात चाकाची धाव तुकड्या-तुकड्यांनी सापडते: जाड पट्टी, हलका बाक, बाहेरची बाजू घासलेली. तुकड्याचा बाक कागदावर गिरवला तर चाकाचा व्यास काढता येतो. तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, कड्या रुंद आणि कमी व्यासाच्या असतात. आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून घातलेली खीळ एका बाजूनं घासलेली असते, ज्या बाजूला चाक टेकायचं ती.

त्रिकोणी, पातळ, पायथ्याशी दोन भोकं आणि दोन्ही कडांना धार असलेला तुकडा बाणाचं टोक नाही. गवत किंवा पीक कापायच्या यंत्राच्या लांब पट्टीवर अशी पाती ओळीनं रिव्हेट केलेली असतात. पायथा सुमारे ७.५ सेंटिमीटर, म्हणजे ३ इंच भरला तर जवळजवळ नक्कीच. चौकोनी, टोकदार आणि वरच्या टोकाला आटे असलेली दांडी भाला नसते, ढेकळं फोडायच्या अवजाराचा दात असतो. लांब बाकदार पातं तलवारीपेक्षा मोठ्या विळ्याचं असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

ओबडधोबड बिडाचा लांबट दंडगोल, एका टोकाला दोरीचं भोक, हे वर-खाली सरकणाऱ्या खिडकीच्या चौकटीत लपवलेलं वजन असतं. पण भोकाची आणि बिडाची खात्री नसेल तर वर सांगितलेला स्फोटकांचा नियमच पाळा. भरीव गोळे सगळेच तोफेचे नसतात. खनिज दळायच्या गिरण्यांत हजारो लोखंडी गोळे वापरतात. तोफेचा भरीव गोळा ठराविक मापाचा असतो: १२ पौंडी म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर व्यास आणि साडेपाच किलोच्या आसपास वजन. गोळ्यावर भोक किंवा बुजवलेलं तोंड दिसलं, तर मापायला बसू नका, लांब व्हा.

लोहार लोखंड वाया घालवत नसत हेही ध्यानात असू द्या. जुन्या कानशीचा सुरा होतो आणि पात्यावर कानशीच्या रेघा राहतात. नालेचा आकडा होतो. एकाच वस्तूवर दोन कामांच्या खुणा दिसल्या तर गोंधळू नका, दोन्ही लिहून ठेवा.

अक्षरं आणि आकडे

तिरपा उजेड टाका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च वस्तूच्या कडेला टेकवून धरली की डोळ्यांना न दिसणारी अक्षरं सावलीनं उठतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, किंवा खडूची भुकटी चोळून जास्तीची पुसा. बिडाच्या तुकड्यावरचा अक्षर-आकड्यांचा संच बहुतेक वेळा सुट्या भागाचा क्रमांक असतो. शेतीयंत्रांच्या जुन्या सुट्या भागांच्या याद्यांत तो जसाच्या तसा सापडू शकतो. अर्धवट दिसणाऱ्या अक्षराच्या जागी अंदाज भरू नका, रिकामी जागा सोडा.

साफसफाई, जेवढी गरज तेवढीच

वस्तू जुनी, पातळ किंवा कोणती ते कळलेलं नाही, तर कोरडी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवली की गंज बराच मंदावतो. बाहेर काढल्यावर काही दिवसांत अंगावर पिवळसर-तपकिरी थेंब दिसले तर आत क्षार आहेत, अशी वस्तू दमट हवेत पुन्हा फुटते. समुद्रातलं लोखंड सुकू देऊ नका, ते पाण्यातच ठेवून संवर्धकाकडे न्या.

जाड, आधुनिक आणि ओळख पटलेल्या वस्तूंसाठी विजेनं गंज काढायची रीत चालते. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. वस्तू ऋण टोकाला, साधी लोखंडी पट्टी धन टोकाला. हे उलटं झालं तर वस्तूच विरघळते. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगी आणि आगीपासून लांब. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. झाल्यावर लगेच धुवून पूर्ण सुकवा आणि मेण लावा. टॅनिक आम्लाचा हात दिला तर उरलेला गंज निळसर काळा होऊन स्थिरावतो.

जाणकाराला विचारताना

चार फोटो पाठवा: समोरून, मागून, कडेनं आणि झिजलेल्या जागेचा जवळून, प्रत्येकात मोजपट्टी. लांबी, रुंदी, जाडी, भोकांचे व्यास, भोकांमधलं अंतर, वजन. चुंबकाला चिकटतं का. बीड की घडीव, तुमचा अंदाज आणि तो कशावरून. कुठल्या प्रकारच्या जागेत, किती खोल, सोबत काय. नेमकं ठिकाण मात्र उघडपणे सांगू नका, मालकाच्या जमिनीवर रात्री दुसरे येऊन खणतात. उत्तर आलं की ते झिजेशी जुळतं का ते स्वतः ताडून पाहा. "बिजागरी" म्हणणाऱ्यानं फिरण्याची खूण दाखवता यायला हवी.

ओळख न पटलेल्या वस्तू टाकू नका. प्रत्येकीला वेगळी पिशवी आणि चिठ्ठी: तारीख, जागा, खोली, आणि आतापर्यंत काय ठरलं ते. "भोक ओढीनं लांबट, माथ्यावर ठोके नाहीत, एक टोक तुटलेलं" एवढं लिहिलेलं असलं तरी पुढे दुसरा अर्धा तुकडा निघाला की जोडी लावता येते.